मदर मोबलींची मंजूर छटा

बाल्टिमोरच्या एका संग्रहालयात कृष्णवर्णीयांची ओळख आणि आपलेपणा ठळक करणारे व्यक्तिचित्र लावावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. काम चित्रकार रेनिटा गॅड्सडेनला मिळाले. तिने आपल्या चर्चमधल्या सर्वांत ज्येष्ठ बाई निवडल्या, सगळी मंडळी आदराने 'मदर' म्हणत त्या व्हर्लीन मोबली. त्याच संग्रहालयाची फरशी मदरनी एकतीस वर्षे पुसली होती.

"मेल्यावर पास्टर माझं गुणगान गातीलच," मदर म्हणाल्या. "पण त्या भिंतीवर माझं तोंड मला जिवंतपणी बघू दे, पोरी."

रेनिटाने त्यांची रविवारची जांभळी टोपी रंगवली, तिच्यावरचे हातभर पीस रंगवले आणि पास्टरांचे प्रवचन बोलता बोलता गाण्यावर चढले की मदरच्या तोंडावर फुटते, ते हसूही.

संग्रहालयाच्या 'आपलेपणा विभागा'ने चित्र शेरा मारून परत धाडले. 'वर्ण मंजूर छटा क्रमांक सातशी जुळत नाही. दालचिनी रंग पुरेसा कृष्णवर्णीय मानता येत नाही.'

"आम्ही सात बहिणी, सात छटा," मदर म्हणाल्या. "आमच्या आईनं कुणाकुणाला नापास करायचं होतं?"

पण भिंत हातची जाऊ नये म्हणून रेनिटाने रंग गडद केला. मग शेरा आला, 'हास्यामुळे इतिहासाचे गांभीर्य उणावते.' ओठ मिटले. त्यानंतर, 'टोपीमुळे वेदना झाकली जाते.'

रेनिटा विभागप्रमुख विटकॉमना भेटली. "साहेब, टोपीशिवाय मदर चर्चची पायरी चढत नाहीत. टोपी काढली तर मदर राहतील का?"

"बाई," विटकॉम सौजन्याने म्हणाले, "आम्हाला मदर नकोत. आम्हाला ओळख हवी आहे."

टोपी उतरली. चित्र त्याच दिवशी मंजूर झाले.

उद्घाटनाच्या रविवारी प्रार्थना आटोपून अख्खी मंडळी थेट तिथे आली. मदर जांभळ्या टोपीत चित्रासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "काम झकास आहे गं. पण ही बिचारी कोण?"



तेवढ्यात मागून, डोळे टिपत, कुणीतरी अदबीने म्हणाले, "आजी, जरा बाजूला होता का? तुमच्या टोपीमुळे ओळख दिसत नाहीये."

मदर बाजूला झाल्या. सवयीने भिंतीला लागून.

आणि आपण, चित्राखालची पाटी वाचून गहिवरलेले, एकेक पाऊल पुढे सरकलो.