बाहेरची डिस्क आत

“एवढा महागामोलाचा डबा, आणि बंद कशानं केलाय? चार स्क्रूंनी!”

तात्यांनी दुकानातला नवा कॉम्प्युटर मागून पुढून तपासला आणि नापसंतीनं मान हलवली. तात्या पेशानं कुलूपवाले. चाळीस वर्षं लोकांची कुलपं बनवण्यात आणि उघडून देण्यात गेली होती. त्यामुळे दुकानदार बाई त्यांना कॉम्प्युटर दाखवत होत्या, पण तात्यांना दिसत होती ती फक्त हलगर्जीपणानं बंद केलेली एक पेटी.

“काका, आत एक एसएसडी घ्या, म्हणजे चटकन सुरू होईल. फोटो, व्हिडिओ ठेवायला आतच एक मोठी हार्ड डिस्क बसवून देते. आणि त्या सगळ्याची कॉपी ठेवायला ही बाहेरची.” बाईंनी तळहाताएवढी काळी डबी पुढे केली.

“कॉपी म्हणजे डुप्लिकेट?”

“हो. एक आत, एक बाहेर. एक गेली तरी दुसरी राहते.”

“बाई, माझ्या धंद्यात डुप्लिकेट सुटली की मालकाची झोप उडते. आतली सगळ्यात छोटी द्या, सुरू होण्यापुरती. बाहेरची सगळ्यात मोठी द्या. काय ठेवायचं ते त्या एकीतच.”

“अहो, त्यांना कळतं ना त्यातलं,” तात्यांसोबत आलेल्या काकू नवऱ्याला म्हणाल्या.

“त्यांना डिस्क कळते. मला चोर कळतात.”

काकूंनी वाद घातला नाही. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. त्यांच्या आईचा तीन मिनिटांचा एक व्हिडिओ होता, त्यांनीच मोबाइलवर काढलेला. त्यात आई पोट धरधरून हसत होती. तो मोबाइल पुढे बादलीत पडून गेला. व्हिडिओ उरला होता फक्त जुन्या कॉम्प्युटरवर. तात्यांनी तो कधी पाहिला नव्हता. सासूबाई हसल्या की आपल्यालाच हसतात, असा त्यांचा जुना संशय होता. आणि रविवारी काकूंची धाकटी बहीण येणार होती, परदेशातून, नऊ वर्षांनी. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला येता आलं नव्हतं. “मला पाठवू नकोस,” ती फोनवर म्हणाली होती, “तुझ्या शेजारी बसूनच बघेन.”

शनिवारी तात्यांनी जुन्या कॉम्प्युटरवरचं झाडून सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. डिस्क तिजोरीत जाणार हे ठरलेलंच होतं. ही तिजोरी तात्यांनी स्वतःच्या हातानं बनवून झोपायच्या खोलीच्या भिंतीत बसवली होती. दाराला आकड्यांची तबकडी होती. “ही उघडणारा अजून जन्मायचाय,” असं ते सगळ्या गल्लीला सांगत.

पण कॉम्प्युटर जोडायला आलेल्या माणसानं तिजोरीकडे दोनदा पाहिलं होतं. तेवढ्यावर तात्यांनी नंबर बदलला. चांगला आठ आकडी केला. कागदावर लिहिलं तर कुणाच्याही हाती लागतं, म्हणून नव्या कॉम्प्युटरवर टाइप केला. मग डुप्लिकेट नको, म्हणून तोही डिस्कवर हलवला. डिस्क तिजोरीत ठेवली, दार लावलं आणि तबकडी गर्रकन फिरवली. आता जगात कुणालाही काही सापडणार नव्हतं.

रविवारी मेहुणी आली. दोघी बहिणी दारातच गळ्यात पडल्या, मग खुर्च्या ओढून पडद्यासमोर बसल्या.

“भाऊजी, लावा की!”

तात्या आत गेले. बराच वेळ आतच राहिले. मग दारात येऊन उभे राहिले.

“अगं, तो नंबर...”

“लिहून ठेवलाय म्हणालात ना?”

“ठेवलाय.”

“कुठे?”

तात्यांनी तिजोरीकडे बोट दाखवलं.

मग तात्या तिजोरीसमोर मांडी ठोकून बसले. लग्नाची तारीख लावून पाहिली. लेकीचा वाढदिवस लावून पाहिला. नळाच्या मीटरवरचा आकडासुद्धा लावला. शेवटी दाराला कान लावून तबकडी एकेक घर फिरवू लागले.

“भाऊजी, स्वतःच्याच घरात घरफोडी?”

“गप्प बस गं. आवाज ऐकतोय.”

“काय म्हणतेय ती?”

“म्हणतेय, मेहुणीला बाहेर काढा.”

हसता हसता दोन तास गेले. चारला मेहुणीची गाडी होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि पर्स उचलली. “राहू दे ताई, पुढच्या वेळी बघेन.” पुढची वेळ कधी, हे कुणी विचारलं नाही.

तात्या उठले आणि त्यांनी ड्रिल मशीन काढलं. “फोडतो,” ते म्हणाले. चाळीस वर्षांत एवढं बारीक तोंड त्यांनी कधी केलं नव्हतं.

“थांबा,” इतका वेळ शांतपणे चहा पिणाऱ्या काकू म्हणाल्या. “ते थेट डिस्कमध्ये घुसेल.” त्यांनी तात्यांच्या पिशवीतून छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि भिंतीपलीकडच्या कोठीच्या खोलीत गेल्या. डबे सरकवल्याचा आवाज आला. पाच मिनिटांत त्या परत आल्या. एका हातात डिस्क होती, दुसऱ्या हातात चॉकलेटचा डबा.

“तू... उघडलीस?”

“मागनं. चार स्क्रू तर आहेत. पत्रा नंतर वेल्ड करतो म्हणाला होतात. बारा वर्षं झाली.”

“आणि हा डबा?”

“कागदांच्या गठ्ठ्यामागे असतो. तुम्ही पुढनंच बघता. तुमच्यापासून लपवायला घरात दुसरी सुरक्षित जागा आहे का?”

डिस्क लागली. पडद्यावर आई आली. त्याच कोठीच्या खोलीत, हातात चमचा घेऊन. चमच्याच्या दांड्यानं स्क्रू फिरवत ती म्हणत होती, “जावई अख्ख्या गल्लीला पुढनं दाखवतोय, आणि मागनं बघ! अगं बाई!” मग जी हसत सुटली, ती डोळे पुसेपर्यंत. शेवटी तिनं कॅमेऱ्याकडे बोट रोखलं. “त्याला सांगू नकोस हं. हिरमुसेल बिचारा.”

धाकटी हसत होती आणि रडत होती. संशय खरा ठरला म्हणून की काय, तात्याही एवढे हसले की खुर्ची करकरली.

“कॉपी कशी करतात गं?” त्यांनी डोळे पुसत विचारलं. मग एक आतल्या डिस्कवर केली आणि एक मेहुणीच्या पेन ड्राइव्हवर.

तिला गाडीत बसवून आल्यावर ते कोठीच्या खोलीत गेले आणि चारही स्क्रू हलक्या हातानं परत बसवले.

“मग, आता वेल्ड करून घेता का?” काकूंनी विचारलं.

“नको,” तात्या म्हणाले आणि डब्यातलं एक चॉकलेट तोंडात टाकलं. “एखादी डुप्लिकेट असू द्यावी.”