सोनवणेभाऊंचा स्कॅनर

सोनवणेभाऊंच्या दारात गाडी लावली की चहापाण्याआधी तिच्यातल्या बिघाडाचा कोड बघितला जातो. पाहुणा पायरीवर ताटकळतो आणि भाऊ चष्मा कपाळावर चढवून स्टिअरिंगखाली डोकं घालतात. तिथल्या सॉकेटात त्यांचा स्कॅनर बसतो आणि गाडीचं दुखणंखुपणं पडद्यावर उमटतं. "गाडी खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतं," म्हणत ते माझ्याकडेच बघतात. मी त्यांचा लोणावळ्यातला शेजारी. सर्व्हिसिंगच्या बाबतीत माझा लौकिक बरा नाही.

भाऊ मेकॅनिक नव्हेत, रेल्वेत सिग्नलवर होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, गेल्या आणि हे यंत्र घरात आलं. त्यांची लेक सुजाता मुंबईला असते. तिच्या जुन्या गाडीत दर खेपेला हटकून काहीतरी निघायचं आणि बिचारीला मुक्काम पडायचा. मीच तिला म्हणायचो, विकून टाक हे खटारं.

तिने विकलं. नवी गाडी घेऊन आली. भाऊंनी पेढा तोंडात टाकून स्कॅनर लावला, तर गाडी ओळखच देईना. सुजाता तशीच घाट उतरून गेली. ती पोचल्याचा फोन येईपर्यंत भाऊ फाटक धरून उभे.

"रविवारी परत येनार ती. तवर दुसरा घ्यायलाच पायजे."

मग तळेगाव झालं, कामशेत झालं, आणि प्रत्येक दुकानात मी सोबत. फोनला जोडायचा छोटा दाखवला, तर "ह्यो निस्तं इंजिन वाचतो. ब्रेकचं कोन बघनार?" एकाच कंपनीचा दाखवला, तर "पोरीनं गाडी बदलली मंग?" सगळ्या गाड्यांचा दाखवला, तर "सगळ्यांला चालतो म्हंजी धड कुनालाच न्हाई." दुकानदारांनी हात टेकले. मी दात घासत असताना भाऊ दारात हजर, "एअरबॅगचं इचारलंच न्हाई आपन!" त्यांची धास्ती मलाही लागली. माझी जेवणावरची वासना उडाली. अखेर शनिवारी सगळ्या गाड्यांचाच घेतला, कारण त्याच्या पडद्यावर सुजाताच्या गाडीचं नाव दिसलं.

रविवारी जेवणं झाली. सुजाता बॅग घेऊन निघाली. भाऊंनी स्कॅनर लावला. पडद्यावर पट्टी सरकत राहिली, अडकली, पुन्हा सरकली. मग इंजिन, ब्रेक, एअरबॅग, सगळं हिरवं.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. भाऊंचा चेहरा मात्र पडला.

त्यांनी पडदा पोटाशी धरला. "ब्रेकचा कोड दावतोय. आज घाट नगं उतरू. ऱ्हा. सकाळी बघू."

सुजाता त्यांच्या खांद्यामागेच उभी होती. सगळं हिरवं तिलाही दिसलं होतं.

"बरं झालं बघितलंत, बाबा," ती म्हणाली आणि बॅग आत घेऊन गेली. आतून तिने विचारलं, "संध्याकाळी भाजी काय करू?"

"काय बी कर."

भाऊ गाडीकडे पाठ करून पायरीवर बसले. माझी गाडी समोरच उभी होती, पण तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. "बसा की," ते मला म्हणाले. "चा घेऊ." मी बसलो.