दात पाहून आणलेलं पिल्लू

जनावर पारखावं तर आमच्या घराण्यानं! आमचे बाबा खुशालराव चांदूर बाजाराकडचे. बैलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवून त्याची खोड सांगायचे. मी अमरावतीत फायली सरकवतो ही गोष्ट वेगळी, पण रक्त तेच! त्यामुळे आमच्या आचलसाठी कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं, तेव्हा मी छाती ठोकून जाहीर केलं, "निरोगी पिल्लू निवडणं म्हणजे आपल्या हातचा मळ!"

"मागच्या वेळीही असंच म्हटलं होतं तुमी," आमची बायको आरती म्हणाली. "रस्त्यावरच्या माणसापासून उचलून आणलं आन् नवव्या दिवशी गेलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आता आजारी निघालं तं या घरात पुन्हा जनावर येणार नाही, सांगून ठेवते!"

त्या पिल्लाचा पट्टा आचलनं अजून खिळ्याला टांगून ठेवला होता. तो काढून तिनं गुपचूप माझ्या पिशवीत टाकला. मागच्या वेळी घाईत मी दात पाहिलेच नव्हते!

अकोल्याच्या इंदूबाई निवृत्त शिक्षिका. आता मुलीकडे नागपूरला कायमच्या जाणार, म्हणून घरची सगळी कुत्री चांगल्या घरी द्यायची होती. जात पॉमेरेनियन, त्यातही सगळ्यात बुटकी. कितीही वाढली तरी पिशवीत मावणारी! मी गेलो, तेव्हा गादीवर चार नग होते. तीन कापसाचे गोळे, आणि चौथा त्यांच्यापेक्षा जरा थोर. दूध जास्त प्यायला असेल, म्हटलं.

"हे तिन्ही एक नंबर आहेत, भाऊ! पाहा कसे उड्या मारून राहिले!" इंदूबाई म्हणाल्या.

चौथ्याबद्दल चकार शब्द नाही! मी लगेच ओळखलं. बैलबाजारात विकणारा ज्या जनावराबद्दल गप्प बसतो, तेच खरं जनावर असतं. बाबांची पहिली शिकवण!

मी परीक्षा सुरू केली. जोरात टाळी वाजवली. तिन्ही पिल्लं एकमेकांवर कोलमडली. चौथ्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. बिचकत नाही! चालवून पाहिलं. तिन्ही तिरपी पळाली. हा मात्र मोजून पावलं टाकत पाण्याच्या वाटीपर्यंत गेला, पाणी प्यायला आणि परत आला. मग दात. तिघांचे दुधाचे, सुईसारखे. कोवळा माल! चौथ्याचे सगळे पक्के दात आलेले. बैलाच्या भाषेत पूर्ण जुळलेला! बैलाला जुळायला पाच वर्षं लागतात, तर एवढ्याशा जिवाला पाच महिने पुरे, हा माझा सरळ हिशेब.

"हाच पाहिजे!" मी म्हणालो.

इंदूबाई गडबडल्या. "हा? बंडू? याले कायले नेता, भाऊ? याले तं मी बहिणीकडे ठेवणार होते. तिचीबी मर्जी नव्हती म्हणा. लोकं तं लहानच नेतात!"

"लोकांले काय कळते, काकू!"

"याचं वय ध्यानात आलं ना तुमच्या?"

"दात पाहिलेत मी!" मी मिशीवरून हात फिरवला. "आमाले वय सांगा लागत नाही."

इंदूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चांगला माल हातचा गेला की बाजारातही रडतात लोक. बंडूला कुरवाळून त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. "याचे कागद आहेत." मी ते न उघडताच खिशात कोंबलं. दात पाहणारा माणूस कागद पाहतो होय!

बसमध्ये बंडू पिशवीतून हूं की चूं करेना. मूर्तिजापूरच्या स्टँडवर मी चहाला उतरलो, तर तोही उतरला, खांब शोधला, पाय वर केला, आणि माझ्याआधी जाऊन पिशवीत बसला. पाच महिन्यांत एवढी समज! मी शेजारच्या माणसाला अभिमानानं सांगितलं, "रक्त पाहून आणलंय!"

घरी आल्या आल्या त्यानं आचलच्या हातात पंजा दिला. पोरगी महिन्यानंतर हसली. आरती मात्र कान देऊन ऐकत होती.

"एवढंसं पिल्लू घोरून कसं राहिलं हो?"

"खानदानी आहे!"

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना जनावरांच्या डॉक्टर प्रियदर्शनींकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, कान पाहिले, डोळ्यांत उजेड टाकला. आचलनं माझं बोट घट्ट धरलं होतं.

"एकदम तंदुरुस्त!" डॉक्टर म्हणाल्या. मी आरतीकडे असं पाहिलं, जणू निवडणूक जिंकलो! "पण काका, तुमी तं पिल्लू दाखवायले आणतो म्हटलं होतं. ते कुठं आहे?"

"हे काय!"

"हा? हा पिल्लांचा बाप असंल! कागद आहेत का काही?"

खिशातलं पाकीट उघडलं. पहिली लस, आठ वर्षांपूर्वीची!

आरती हसता हसता बाकावर बसली ती उठेचना. मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. आचलनं मात्र एवढंच विचारलं, "हा आजारी नाही ना?"

"नाही बेटा. अजून पाचसहा वर्षं तरी आरामात काढंल."

"मंग झालं," म्हणून तिनं पिशवीतला तो पट्टा काढून बंडूच्या गळ्यात घातला. शेवटच्या भोकात कसाबसा बसला.

तरीही माझा स्वाभिमान दुखावलेला! बाहेर येऊन मी अकोल्याला फोन लावला. बदलून घेऊ, म्हटलं.

"काकू, जरा घोटाळा..."

"बंडू जेवला का, भाऊ?" इंदूबाईंचा आवाज भरून आला. "पिल्लं काय, कोणीबी नेते. याले कोणी पाहेसुद्धा नाही. तुमी दात पाहिले, वय वळखलं, तरीबी नेलं! काल मले इतक्या दिवसानं झोप लागली. काय घोटाळा म्हणत होते?"

काचेतून आत पाहिलं. बंडू आचलच्या मांडीवर घोरत होता.

"काही नाही," मी म्हणालो. "पोळी दुधात खाते का वरणात, एवढंच विचारायचं होतं."

आता आरती त्याला 'बंडूराव' म्हणते आणि खुर्चीतून मला उठवते. म्हातारं माणूस आहे घरात, म्हणते! म्हणू दे. पारख काही चुकली नाही आपली. निरोगी आणलं, लहान जातीचं आणलं. फक्त पिल्लू आणायचं तेवढं राहिलं!