आप्पांच्या कानातला जोंधळा

"जितं मान न्हाय, तितं पोरगा न्हाय!" असं म्हणून सांबऱ्याचे मष्णू अण्णा अर्धा चहा टाकून उठले आणि चपला घालून चालते झाले. उचगावला मुलगी बघायला आले होते. परशराम आप्पांना त्यांनी विचारलं, "पाव्हणं, लगीन कवा धरायचं?" आप्पा छताकडं बघत गप्प. परत विचारलं. आप्पा पंख्याकडं बघत गप्प. तिसऱ्यांदा ओरडून विचारलं, तेव्हा आप्पांनी जांभई दिली.

आप्पांची नात रचना आतनं धावत आली. तिचं आणि मष्णू अण्णांच्या समर्थचं कॉलेजापासनं जमलेलं. घरच्यांना पटवता पटवता दोघांचा घाम निघालेला. तिचा बा मिलिटरीत, लडाखला. म्हणून बोलणी आप्पांनी करायची. आणि आप्पांनी ही अशी केली.

"आप्पा, पाव्हण्यांशी बोलला का न्हाईसा?" ती त्यांच्या तोंडासमोर जाऊन किंचाळली.

"ते कुठं बोललं? नुसतं तोंड हलवत हुतं. म्हटलं पान खात्यात."

आप्पांचा डावा कान कधीचाच गेलेला. सगळा कारभार उजव्यावर. आता उजव्यानंही हात वर केले होते. दुसऱ्या दिवशी रचनानं आप्पांना स्कूटीवर घातलं, मागं आजीला, म्हणजे राजाबाईला कोंबलं आणि बेळगाव गाठलं.

कान तपासणाऱ्या निवेदिता मॅडमनी आजवर लोकांच्या कानातनं खडू, मणी, झुरळं, झालंच तर दाढदुखीवर घातलेली लवंग काढली होती. त्यांना कशाचं काही वाटायचं नाही. त्यांनी आप्पांच्या कानात बारका कॅमेरा घातला, पडद्याकडं बघितलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"आजोबांची शेती किती आहे?"

"दोन एकर," रचना म्हणाली. "का वो?"

"त्यात ही धरलीय का?"

पडद्यावर हिरवागार कोंब डुलत होता.

राजाबाईनं आधी चपला काढल्या, मग हात जोडले. "आई गं! घट बसलाय!"

त्याचं असं झालेलं. नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान दसऱ्याला उपटतात, बाप्ये माणसं ते टोपीत आणि कानावर खोवतात. आप्पांना त्याची भारी हौस. इतरांनी चार काड्या खोवल्या, आप्पांनी मातीसकट आख्खा जुडगा. तसेच आडवे होऊन झोपले. त्यातला एक न उगवलेला जोंधळा कानात घरंगळला. पुढं आप्पा रोज विहिरीत बुड्या मारत राहिले, त्यामुळं पाण्याचीही सोय झाली.

"काढून टाकूया," म्हणत मॅडमनी चिमटा घेतला.

"हात लावशीला तर बघा!" राजाबाई आडवी झाली. "यंदा घरचा घट नीट उगवला न्हाई. म्हटलं आईचं काय चुकलं आमच्याकडनं? तर आईनं जागाच बदललीया!"

"आजी, अहो, कान आहे तो."

"मग? आईला न्हाई व्हय कान?"

हे बाहेर बाकावर बसलेल्यांनी ऐकलं. म्हणजे ज्यांना ऐकू येत होतं त्यांनी ऐकलं आणि बाकीच्यांना खुणेनं सांगितलं. सगळे आत घुसले. पडद्यापुढं रांग लागली. कुणीतरी आप्पांच्या खांद्यावर नारळ ठेवला. हलग्याच्या एका शेतकऱ्यानं चष्मा लावून पिकाची पाहणी केली. "जोंधळा बरा हाय, पर शेंड्याला पिवळा पडलाय. चिमूटभर युरिया टाका."

"कानात युरिया?" मॅडम ओरडल्या. "सगळे बाहेर!"

आप्पा सगळ्यांकडं बघून हसत होते. त्यांना वाटलं, आपला वाढदिवस आहे.

रचनाचं डोकं तापलं. "आजी, कान बंद ऱ्हायला तर माझं लगीन मोडतंय, कळतंय का तुला?"

"मग रीतीनं काढा की. घटाचं धान टाकत न्हाईत. मानाच्या पाव्हण्याच्या टोपीत खोवायचं असतंय."

"मानाचा पाव्हणा?" रचनानं तिथल्या तिथं समर्थला फोन लावला. "तुझ्या बाबांना घेऊन ये. टोपी घालून. का ते इचारू नको, मला सांगता यायचं न्हाई."

समर्थनं बाबांच्या डोक्यावर टोपी ठेवली, गाडीवर बसवलं आणि आणलं. पडद्यावरचा कोंब बघून मष्णू अण्णांचा राग निम्मा उतरला. मॅडमनी चिमट्यानं मुळासकट जोंधळा काढला. रचनानं तो पुसून अण्णांच्या टोपीत खोवला. उरलेला निम्माही उतरला. अण्णा ताठ उभे राहिले.

आप्पांनी मान झटकली. "अरं तिच्या! रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या की!" मग ते हात जोडून पुढं झाले. "पाव्हणं, कालचं मनावर घिऊ नगासा. लगीन तुमी म्हनशीला तवा."

मष्णू अण्णा छताकडं बघत गप्प.

"पाव्हणं, म्या काय म्हनतोय?"

गप्प.

"बघितलंस काय गं!" आप्पा लालभडक. "म्या हात जोडतोय आनि ह्यो गडी पंखं मोजतोय! चल घरला!"

मॅडमनी आप्पांना हातानं थांबवलं, अण्णांना खुर्चीत दाबलं आणि त्यांच्या कानात बघितलं. एका कानातनं कापसाचा भला मोठा बोळा निघाला. दुसऱ्यातनं त्याचा भाऊ. गुलालानं लाल झालेले.

"गणपतीच्या मिरवणुकीत डीजेपुढं घातलेलं," अण्णा दचकून म्हणाले. "काढायचं ऱ्हायलं वाटतं. म्या म्हनतोय गावात इमानतळ हाय, तरी आमच्यावरनं इमानं जायची बंद कशी झाली!"

"मग काल आप्पांनी उत्तर दिलं असतं तर तुमाला काय ऐकू येणार हुतं?" रचनानं विचारलं. अण्णा टोपी सारखी करत बसले.

"घरात कळलं नाही तुम्हाला?" मॅडमनी समर्थला विचारलं.

"बाबा आधीपासनंच कुणाचं ऐकत न्हाईत," समर्थ म्हणाला. "फरक पडला न्हाई."

आता दोघांची तपासणी करायची ठरली. पण आधी कोण बसणार? "पाव्हणं, तुमी." "छ्या, वडिलकीचा मान तुमचा." शेवटी मॅडमनी गावोगावच्या तपासणी कॅम्पसाठी ठेवलेलं दुसरं मशीन काढलं, दोघांना शेजारी बसवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात एकेक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. बास."

मॅडमनी बारीक आवाज सोडला. दोघंही ढिम्म. मोठा सोडला. ढिम्म. एवढा मोठा सोडला की बाहेरच्या बाकावर एक बाई दचकली. बटणं काही दाबली जाईनात. मॅडमचा चेहरा पडला. रचनानं दोघांचे हेडफोन ओढून काढले.

"आवाज आला का न्हाई?"

"आला की. कवाचा यायलाय," आप्पा म्हणाले.

"कान फाटायची पाळी आली," मष्णू अण्णा म्हणाले.

"मग दाबला का न्हाईसा?"

आप्पांनी अण्णांकडं बघितलं. "पाव्हण्याच्या आधी कसं दाबायचं?"

"आनि आमी पोराकडचं," अण्णा म्हणाले. "आमी म्होरं म्होरं करायचं व्हय?"

रचनानं एका हातानं आजोबांचा अंगठा धरला, दुसऱ्यानं सासऱ्याचा, आणि दोन्ही एकदम बटणावर आदळले. दोन्ही मशीनवर लाल दिवे लागले.

"झालं," ती म्हणाली. "सुपारी फुटली. आजी, पेढे आण."