दोन बरण्या आणि आठ वाजताचं रक्त

पेशंटला शांत ठेवण्यात चिलीतल्या आमच्या चियान शहराच्या इस्पितळात माझा हात धरणारा कोणी नव्हता! म्हणून तर डॉक्टर सानुएसांनी रक्त घेण्याचं काम मला दिलं. पोट फाडण्यापेक्षा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तर शरीराला ताण कमी बसतो, हे त्यांना रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकावरून सिद्ध करायचं होतं. दोन वर्षं खपून अडतीस पेशंट झाले होते. उरल्या दोघी: दुर्बिणीवाली क्लोरिंदाबाई आणि पोट फाडलेली एदुलियाबाई.

"निबाल्दो," डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी ठीक आठला दोघींचं रक्त. तोवर कसलीही धास्ती नको. मला सान्तियागोच्या परिषदेत आकडे मांडायचेत!"

"निर्धास्त राहा, डॉक्टर!"

चिलीत घरटी एकाच्या तरी पित्ताशयात खडे असतातच. काढलेले खडे आम्ही बरणीत घालून पेशंटला देतो. बायका ती बरणी शोकेसमध्ये ठेवतात, जावाजावांत मोठा कोणाचा ते बघतात. खडे दिसले की बाई खूश, आणि खूश बाई शांत! पावणेआठला मी दोघींच्या हाती एकेक बरणी ठेवली.

क्लोरिंदाबाई किंचाळली, "अगोबाई! हा ऑलिव्हएवढा धोंडा एवढ्याशा भोकातून आला? शक्यच नाही! खरं सांग बाबा, मला आणखी कुठे कापलंय?" आणि ती पाठ चाचपू लागली.

पलीकडून एदुलियाबाई कडाडली, "आणि माझं वीतभर पोट फाडून हे चार मसुरीचे दाणे? माझ्या नवऱ्याला बोलाव! कुऱ्हाड घेऊन ये म्हणावं!"

मी बरण्यांवरची नावं वाचली. बरण्यांची अदलाबदल झाली होती! आठला दहा कमी. मी घाईघाईने बरण्या बदलल्या, हात जोडले, शपथा घेतल्या.

"आधी धोंडा, आता दाणे!" क्लोरिंदाबाईने गळा काढला. "म्हणजे माझा धोंडा अजून आतच आहे!"

"मेल्या, काय चाललंय काय तुझं?" एदुलियाबाईने नवी बरणी माझ्यावर उगारली.

आठ वाजले. मी दोघींचं रक्त घेतलं.

दुपारी आकडे आले. दोघींचा ताण सारखाच, आभाळाला भिडलेला! डॉक्टर पांढरेफटक पडले.

"दोन वर्षं, निबाल्दो! दोन वर्षं मी चुकीचं समजत होतो?"

त्यांचा चेहरा मला बघवेना. सगळं कबूल केलं.

त्यांनी यादीतली दोघींची नावं खोडली. मग म्हणाले, "या दोघी बाद. दुर्बिणीसाठी वॉर्डात एक पेशंट आहे. पोट फाडायला मात्र कोणी नाही." त्यांनी मला निरखून पाहिलं. "तुझ्या उजव्या कुशीत अधूनमधून दुखतं म्हणत होतास ना?"

वाचकहो, ते दुखणं त्या क्षणी जे थांबलं, ते आजतागायत!