कारकून-कोअर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हेडक्लार्कांनी कपाट उघडलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तपकिरी पँट नव्हती. बिनबाह्यांचा स्वेटर नव्हता. आणि चोवीस वर्षांच्या नोकरीची कागदपत्रं ज्या चामडी बॅगेत होती, ती बॅगसुद्धा नव्हती. अकरा वाजता पाणीपुरवठा कार्यालयात अधीक्षकपदाची मुलाखत होती. ती घ्यायला मुख्यालयातून नवे साहेब येणार होते. बढती याआधी दोनदा हुकली होती.

"ओरडू नका," बायको आतून म्हणाली. "चिमी घेऊन गेलीय. बागेत त्यांचं काहीतरी आहे. कारकून-कोअर."

"कोर? चंद्राची?"

"कोअर हो! इंटरनेटवर पोरं गट करतात. कुणी काळे कपडे घालून उदास बसतं, कुणी परी होऊन फिरतं. मागच्या महिन्यापर्यंत आपली उदास होती. आता कारकून झालीय."

"मी चोवीस वर्षं कारकून आहे, मला कुणी 'वा' म्हटलं नाही!"

चिमी फोन उचलेना. हेडक्लार्क टॉवेलवर खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी फेऱ्या मारू लागले. बाकीच्या पँटी मशीनमध्ये गरगरत होत्या आणि मशीनचं दार काही केल्या उघडत नव्हतं. घरात कोरडी अशी एकच पँट उरली होती. चिमीच्या उदास काळातली. काळीकुट्ट, गुडघ्यांवर पट्टे, कमरेला साखळी आणि एकेका पायात एकेक माणूस मावेल एवढी ऐसपैस.

"हीच चढवा," बायको म्हणाली. "बागेत आपली मिळाली की बदला."

"बागेत? कुठे?"

"झाडामागे! आता निघा!"

साखळी खळखळवत हेडक्लार्क बागेत पोचले आणि फाटकातच थबकले. समोर चाळीस कारकून हिंडत होते. सगळे तपकिरी, सगळ्यांच्या हाती चामडी बॅग, खिशाला दोन-दोन पेनं. काही तर पाठीला पोक काढून चालायचा सराव करत होते. एक मुलगी लगबगीनं पुढे आली.

"काका, पँट कडक आहे! पण उदासवाले तिकडे तळ्याकाठी बसलेत."

"मी उदास नाही! म्हणजे आहे, पण तसा नाही. माझी मुलगी कुठाय?"

तेवढ्यात त्यांना बाकावर पाठमोरा बसलेला आपला स्वेटर दिसला. चिमीसारखेच बारीक कापलेले केस, तीच बॅग. साडेदहा होत आले होते. त्यांनी मागून झडप घालून बॅगेचा पट्टा धरला.

"चिमे, सोड ती बॅग! माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

आकृती वळली. तिला भरघोस पांढरी मिशी होती.

"आणि ही मिशी कसली लावलीस?" असं म्हणत हेडक्लार्कांनी मिशीला हात घातला. मिशी निघाली नाही. किंकाळी मात्र निघाली.

"चोर! चोर!"

"बाबा! मी इकडे आहे!" खरी चिमी धावत आली. तिच्यामागून चाळीस कारकून आले. पण सोडवायला नाही, ते मिशीवाल्यांभोवती कोंडाळं करून उभे राहिले.

"सर, हे सगळं अस्सल आहे?"

"स्वेटर कुठून घेतला?"

"बायकोनं विणलाय," गृहस्थ मिशी चोळत म्हणाले. "वीस वर्षं झाली."

"शर्टाच्या बाहीचं झिजलेलं कोपर बघा! असं विकत मिळत नाही, वर्षानुवर्षं टेबलावर टेकावं लागतं!"

टाळ्या पडल्या. फोटो निघू लागले. इकडे हेडक्लार्क मुलीवर खेकसत होते. "माझेच कपडे कशाला?"

"दुकानातले खोटे दिसतात, बाबा. तुमच्या पँटला तुमच्या गुडघ्यांचा आकार आहे."

हेडक्लार्कांनी वाकून त्या गुडघ्यांकडे पाहिलं. पण पावणेअकरा झाले होते.

"पँट काढ!"

"आणि मी काय घालू?"

हेडक्लार्क तिच्या हातातली नुसती बॅग घेऊन धावत सुटले.

कार्यालयाच्या दारात नव्या शिपायानं अडवलं. "नळाची तक्रार असेल तर खिडकी क्रमांक दोन." त्याची समजूत घालण्यात दहा मिनिटं गेली आणि ते आत शिरले, तेव्हा अकराला एक मिनिट कमी होतं. टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या गृहस्थांना पांढरी मिशी होती आणि तिची डावी बाजू लाल झाली होती.

हेडक्लार्क मटकन खुर्चीत बसले. साहेबांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

"तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा," साहेब सहकाऱ्यांना म्हणाले.

दार बंद झालं. हेडक्लार्क ताडकन उठले, तशी साखळीत अडकलेली खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

"साहेब, माफ करा, मला वाटलं माझी मुलगी..."

"मिशी अजून दुखतेय, पण ते सोडा." साहेब पुढे झुकले. आवाज खाली आला. "घरी सगळे मागे लागलेत, हे कपडे टाकून द्या, टाकून द्या. आज पहिल्यांदा कुणीतरी..." ते थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं. "त्या मुलांचं पुढचं कधी आहे?"

"रविवारी, बहुतेक. पण साहेब, माझी बढती..."

"ती झाली हो! ज्येष्ठतेनं तुमचंच नाव होतं, आदेश कालच टाइप झालाय. मुलाखत नावापुरती. रविवारी किती वाजता?"