बेटावर कावळा नव्हता

सुट्टी सप्टेंबरात घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. जुलै-ऑगस्टात अर्धं जर्मनी टॉवेल घेऊन भूमध्य समुद्राकडे धावतं. सप्टेंबरात ऊन तेच, समुद्र तोच, आणि शेजारच्या खुर्चीत कुणी नाही. असं माझे साहेब म्हणाले आणि मी मान डोलावली. (वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात मान डोलावणं हा माझा मुख्य व्यवसाय आहे. मोटारींची ड्रॉइंग्ज काढणं हा जोडधंदा.) साहेबांच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, ते मी नीट बघूनही घेतलं. पण जर्मन कॅलेंडरात पितृपक्ष छापत नाहीत.

ही बासष्ट सालची गोष्ट. मालिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, जर्मनीत येऊन तीन हिवाळे झाले होते आणि चौथा बघायची तिची तयारी नव्हती. "मी मिरजेला जाते. तुम्ही या, नाहीतर राहा," असं ती एप्रिलपासून अगदी शांतपणे सांगत होती. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो. शांतपणापुढे माझं काही चालत नाही. ऑक्टोबरात मला कारखान्याला कळवायचं होतं, की राहतो की जातो. मला राहायचं होतं. म्हणून हे मायोर्का बेट. दोन आठवडे ऊन, लिंबाची झाडं, निळं पाणी. माणूस मऊ होतो. मऊ झाला की विचारायचं, असा बेत होता.

विमानात बसल्यावर मालिनी म्हणाली, "अहो, पुढच्या शुक्रवारी मामंजींची तिथ आहे."

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथून आल्प्स दिसतात.

"काळजी करू नका," ती म्हणाली. "तांदूळ, उडदाची डाळ, आमसुलं, सगळं घेतलंय. स्पिरिटचा स्टोव्ह तुमच्या बॅगेत आहे."

(माझी बॅग जड का लागत होती ते तेव्हा कळलं.)

आमचे नाना मिरजेच्या कोर्टात नाझर होते. बोलायचे कमी. खाकरायचे जास्त, दोन आखूड, एक लांब. ते खाकरणं ओसरीवर ऐकू आलं की आम्ही भावंडं स्वयंपाकघरातून मागच्या दारी पसार. हातात काठी, कनवटीला तपकिरीची डबी. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासायचे, पुसायचे आणि ओट्यावर उपडं ठेवायचे. दुसऱ्या कुणी उताणं ठेवलं की उठून उपडं करायचे. मी जर्मनीला निघालो तेव्हा ते म्हणाले, "जा." त्यानंतर चार महिन्यांनी गेले. त्या एका अक्षराचा अर्थ मी अजून लावतो आहे.

आमचं पेन्सिऑन, म्हणजे घरगुती लॉज, एका छोट्या खाडीवर होतं. मालकीण जर्मन, पाव जर्मन, सकाळी आठला वाजणारी घंटा जर्मन; फक्त ऊन स्पॅनिश. तळमजल्यावर एकेक खोली, प्रत्येकीला समुद्राकडे गच्ची, दोन गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी दगडी भिंत आणि तिच्यावर पसरलेली बोगनवेल. सीझन संपलेला. जेवणघरात आमच्याखेरीज एकच जोडपं: बव्हेरियातले हेर, म्हणजे श्रीयुत, लॉयबल आणि त्यांची फ्राऊ, म्हणजे बायको. डॉक्टरांनी नवऱ्याला पथ्य सांगितलं होतं आणि फ्राऊ लॉयबल ते पाळत होत्या. त्या माशाचे काटे काढत आणि मासा स्वतः खात. त्याच्या पुढ्यात उकडलेला बटाटा. तो कधी एक शब्द बोलला नाही.

सकाळ छान जायची. पण दुपार... दुपारचं मला कुणी सांगितलं नव्हतं. बारा वाजले की सगळं बेट दारं लावून घेतं. खिडक्यांच्या झडपा बंद, दुकानं बंद, कुत्री सावलीत मेल्यासारखी. लाटसुद्धा दबक्या पावलांनी येते. पाइनच्या झाडांत एक किडा किर्र करत असतो, तो मध्येच थांबतो, आणि थांबला की त्याच्याहून मोठं काहीतरी ऐकू येतंय असं वाटतं. आपल्याकडे भर दुपारी बारा वाजता पिंपळाखालून जाऊ नये म्हणतात. इथे पिंपळ नव्हता. पिंपळाची गरजही नव्हती.

शुक्रवारी मालिनीनं न्हाणीघरात, टबाच्या कडेवर स्टोव्ह पेटवला. भात, वरण, खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी. मालकिणीला वास जाऊ नये म्हणून दाराखाली माझा पोहण्याचा पोशाख कोंबला होता. (त्याचा पुढे काही उपयोग झाला नाही.) ताट वाढून तिनं माझ्या हातात दिलं आणि मी ते दगडी भिंतीवर ठेवलं. दक्षिण बरोबर तिकडेच होती, बोगनवेलीच्या पलीकडे. मी हात जोडले.

आता कावळा यायचा.

आला नाही. वर्तुळं घालत दोन समुद्रपक्षी आले, त्यांनी वड्याकडे पाहिलं आणि मासे पकडायला गेले.

"काहीतरी इच्छा राहिली असेल मामंजींची," मालिनी खोलीच्या दारातून म्हणाली. "शब्द द्या."

मी घसा साफ केला. "नाना, सिगरेट सोडतो."

किडा किर्र करत होता.

"नाना, सुधीरशी बोलायला लागतो. उद्याच पत्र लिहितो." (सुधीर माझा धाकटा भाऊ. आमचं का बिनसलं ते दोघांनाही आठवत नाही, त्यामुळे मिटवणं अवघड झालं आहे.)

काही नाही.

"नाना, रोज संध्या करीन. लवकर उठीन. मांसाहार कायमचा सोडतो."

"सुरू कधी केलात?" मालिनीनं विचारलं.

मी आवाज आणखी चढवला. ऊन डोक्यावर, खिरीवर साय धरलेली, पानं हलेनात. पाऊण तास मी त्या रिकाम्या गच्चीपुढे हात जोडून शब्दांमागून शब्द देत होतो. माझ्याजवळ देण्यासारखं काही उरलं नाही. आणि मग तोंडातून निघून गेलं:

"नाना, तुमची इच्छा असेल तर परत येतो. मिरजेला. कायमचा."

किडा थांबला.

मी आत जाऊन पाणी प्यायलो, अर्धा तास पलंगावर पडून राहिलो, आणि मालिनीबरोबर परत बाहेर आलो.

ताट रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे. घासलेलं, पुसलेलं. आणि भिंतीवर उपडं.

हवेत एक बारीक वास होता. मालिनीनं तो माझ्या आधी ओळखला.

"तपकीर," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं बॅग काढली. मालिनीला इतक्या हलक्या मनानं वावरताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. साड्यांच्या घड्या घालताना ती गुणगुणत होती. "मी काही बोलले नव्हते हं," ती म्हणाली. "तुम्ही आपणहून शब्द दिलात आणि मामंजींनी घेतला. आता यात तुमचं-माझं काही नाही."

"अगं, मांजर असेल."

"ताट घासणारं?"

"वारा असेल."

"अहो," मालिनी म्हणाली, "तुम्ही इंजिनियर आहात."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वाढलं. पक्ष संपेपर्यंत रोज वाढणार, म्हणाली. इतक्या लांब आलेत ते. या वेळी मी एक अक्षर बोललो नाही. नुसते हात जोडले, आत आलो, झडप लावून घेतली आणि तिच्या फटीला डोळा लावायचा ठरवलं. ठरवलं होतं खरं. पाइनमधला किडा थांबला. मग फरशीवर टक्. जरा वेळानं टक्. काठी. आणि मग, अगदी जवळ, भिंतीपलीकडून, कुणीतरी खाकरलं. दोन आखूड. एक लांब.

डोळा फटीपर्यंत पोचला नाही. गुडघे आधीच फरशीवर पोचले होते. पस्तीस वर्षांनंतरही माझे पाय मागचं दार शोधत होते, आणि त्या खोलीला मागचं दार नव्हतं.

"बघितलंत?" मालिनीनं हळूच विचारलं.

"पाठमोरे होते," मी म्हणालो. (खोटं बोलल्याबद्दल पश्चात्ताप नाही. ती परिस्थिती तुम्ही बघितली नाहीत.)

ताट पुन्हा लख्ख. पुन्हा उपडं.

रात्रभर मी वोल्फ्सबुर्गचा विचार केला. टेबलावरचा माझा दिवा, ट्रेसिंगचा कागद, साहेब "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणतात तेव्हा वाटणारं समाधान. मिरजेला मी काय करणार होतो? तिथे मोटार म्हणजे एक डॉक्टरांची. आणि तरी नानांना नाही म्हणायची हिंमत माझ्यात कधी नव्हती. ते जिवंत असताना नव्हती, आता तर प्रश्नच नाही. एकच गोष्ट उरली होती. तोंडावर बघायचं. नाना असतील तर पाया पडून विचारायचं, की तो "जा" कसला होता.

तिसऱ्या दिवशी ताट ठेवून मी आत न जाता बोगनवेलीतच उकिडवा बसलो. काटे लागले. दुपार पांढरीफटक पडली होती. दूरवर एक होडी, तिच्यात माणूस दिसत नव्हता. किडा थांबला. टक्. टक्. पानांतून एक म्हातारा हात आला, शिरा वर आलेला, बोटांवर तपकिरीचा डाग, आणि अलगद वड्यावर उतरला.

मी तो मनगटाशी धरला आणि डोळे मिटून म्हणालो, "नाना."

"लॉयबल," उत्तर आलं. "आणि कृपा करून माझ्या बायकोला सांगू नका."

मी डोळे उघडले. हेर लॉयबल बोगनवेलीतून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातातून वडा सुटत नव्हता. मालिनी धावत बाहेर आली. आम्ही त्यांना आमच्या खुर्चीत बसवलं. मालिनीनं ताट उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं; ते खात होते आणि खाता खाता सांगत होते. पहिल्या दिवशी ते झडपेआड उभे होते. बायको झोपलेली, पोटात अर्धा बटाटा. आणि त्यांना दिसलं, की शेजारच्या परदेशी गृहस्थांनी वाफाळतं ताट भिंतीवर त्यांच्या बाजूला ठेवलं आहे आणि त्यांच्याच खिडकीकडे तोंड करून हात जोडले आहेत.

"मी बायकोला नेहमी म्हणतो," हेर लॉयबल म्हणाले, "भारतात म्हाताऱ्यांना मान असतो."

"आणि ताट?" मी विचारलं. "ते घासायचं कशाला?"

"कुणाचं भांडं खरकटं परत करतात का?"

मी खिरीची वाटी पुढे सरकवली. "पण उपडं ठेवायची सवय तुम्हाला कुठून?"

त्यांनी चमचा थांबवला. "उपडं? नाही. मी तसंच ठेवलं. सरळ."

पाइनमधला किडा, जो मघाशी पुन्हा ओरडायला लागला होता, तो... असो. मी घाईघाईनं दुसरा प्रश्न विचारला. कारण खरा प्रश्न तोच होता, आणि मी वकिलासारखा मालिनीकडे बघत बघत विचारला: "हेर लॉयबल, तुम्हाला मराठी येते का?"

"कशी येणार?"

"ऐकलंस?" मी मालिनीला म्हणालो. "माझा शब्द कुणी घेतलेला नाही. यांना तर भूक लागली होती. मिरजेचा आणि ताटाचा काही संबंध नाही."

मालिनीचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला नाही. तिनं पदराला हात पुसले. मग, ज्या बाईला जर्मन येत नाही असं मी तीन वर्षं धरून चाललो होतो, तिनं हेर लॉयबलना सरळ जर्मनमध्ये विचारलं, "शुक्रवारी तुम्ही लगेच का नाही आलात? जेवण तर केव्हाचं वाढलं होतं."

"सुरुवातीपासून उभा होतो मी," हेर लॉयबल म्हणाले. "झडपेच्या मागे. वास येत होता. पण तुमचे साहेब प्रार्थना म्हणत होते. आमच्याकडेही जेवणाआधी प्रार्थना असते. ती संपल्याशिवाय घासाला हात लावत नाहीत." ते जरा संकोचले. "लहानपणी मी मठाच्या शाळेत होतो. इतकी लांब प्रार्थना तिथेही ऐकली नव्हती. शेवटी साहेब गप्प झाले आणि आत गेले. मग जेवलो."

मालिनी बघता बघता हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, पोटातून. तीन हिवाळ्यांत जर्मनीला हे हसू ऐकायला मिळालं नव्हतं. हेर लॉयबलही हसले, खाकरले (दोन आखूड, एक लांब), आणि पलीकडून "आलोईस" अशी हाक आल्याबरोबर भिंतीवरून पाय टाकून, काठीसकट, तरुणासारखे पसार झाले.

"मग?" मी विचारलं. "ऑक्टोबरात काय कळवू?"

"कळवा राहतो म्हणून." तिनं साड्यांची बॅग पलंगाखाली सारली. "मला जायचं झालं तर मी पुन्हा माझ्या तोंडानं सांगेन. मामंजींच्या आडून कशाला? आणि त्यांची इच्छा काय होती, ते मला आता चांगलं कळलंय."

"काय होती?"

"सिगरेट सोडतो म्हणालात, नाही आले. संध्या म्हणालात, नाही आले. मिरज म्हणालात, तरी आले नाहीत. तुम्ही गप्प झालात, तेव्हा ताट उचललं गेलं." ती आत गेली. आतून आवाज आला, "कितीतरी वर्षं वाट बघत असतील बिचारे, माझ्यासारखेच."

तेव्हापासून वोल्फ्सबुर्गच्या आमच्या घरात पानं वाढल्यावर मी बोलायचं नाही, असा नियम आहे. पुढे तो चहाला लागू झाला, मग पाहुण्यांसमोर, गेल्या वर्षी रविवारी दिवसभर. मालिनी खुशीत आहे; पाचवा हिवाळा तिच्या लक्षातसुद्धा आला नाही. लिहायला अजून बंदी नाही, म्हणून हे सगळं तुम्हाला लिहून सांगावं लागलं.